चौऱ्याऐंशीपैकी चव्वेचाळीस

३ मार्च, सोमवार

चौऱ्याऐंशी आले. लेबलवर ऐंशी आणि माझ्या हातून चौऱ्याऐंशी! कुठली कंपनी लिहिल्यापेक्षा जास्त देते? एकोणीस वर्षं मी लोकांच्या खाण्याच्या वस्तू तपासतेय, असा दानशूर अजून भेटलेला नाही.

दुधाच्या प्रोटीनची पावडर आहे. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नाव साहेबांच्या कपाटात. पण ही पावडर दर तीन महिन्यांनी त्याच चौकोनी बाटलीतून येते, म्हणजे गिऱ्हाईक जुनं. दर वेळी मी ती आम्लात उकळते, नायट्रोजन मोजते, ठरलेल्या आकड्याने गुणून प्रोटीनचे टक्के काढते, सही करते. संपलं.

आज मुंगीने घोळ केला. मुंगी म्हणजे आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. चणीने एवढीशी आणि दिवसभर कामात, म्हणून मी ठेवलेलं नाव. बाटली धुता धुता म्हणाली, "मॅडम, हिला फेस टिकत नाही." प्रोटीनला फेस येतोच, धुणाऱ्याला वैताग आणण्याइतका येतो. हिचा आला आणि बसला. आणि विरघळली तरी कशी! एक गुठळी नाही, साखर विरघळावी तशी.

"तुला काय करायचंय," म्हटलं तिला. आणि मग मीच घरी येईपर्यंत तेच घोकत बसले.

४ मार्च

नायट्रोजनची तपासणी म्हणजे शिरगणती. डोकी मोजायची, कोण आहे ते विचारायचं नाही.

प्रोटीन ज्यांचं बनतं ती अमिनो आम्लं वीस. वीसही जणांचा धडाचा भाग सारखाच, एका अंगाला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला आम्ल. फरक काय तो बाजूच्या साखळीत. ल्युसीनची साखळी तेलकट, पाण्याशी तिचं पटत नाही. लायसीनची लांबलचक, टोकाला आणखी एक नायट्रोजन घेऊन बसलेली. प्रोलीनची वळते आणि स्वतःच्याच नायट्रोजनला जाऊन चिकटते. आणि ग्लायसीनला साखळी म्हणावी अशी नाहीच, नुसता एक हायड्रोजन. सगळ्यात साधं, सगळ्यात स्वस्त, पोत्याने मिळतं. शरीर ते घरच्या घरी करतं. ल्युसीन-लायसीन शरीराला करता येत नाहीत, ती खावीच लागतात. पण शिरगणतीत ग्लायसीनचा भाव वर! शुद्ध ग्लायसीन आमच्या पद्धतीने तपासलं तर शंभरात एकशे सतरा टक्के प्रोटीन निघतं. कॉलेजात हे ऐकून आम्ही हसलो होतो.

तर आज सकाळी कुणाला न विचारता केलं. पावडर पाण्यात घोळवली, आम्ल टाकून प्रोटीन तळाला बसवलं. वरचं निवळ पाणी. त्यात काहीच असायला नको. त्याचा एक थेंब जाड टिपकागदावर ठेवला, कागद सॉल्व्हंटमध्ये उभा केला. शेजारी ओळखीच्या अमिनो आम्लांचे थेंब, ताडून बघायला. दुपारपर्यंत सॉल्व्हंट वर चढलं. वाळवला, अमिनो आम्लांना जांभळं करणारं निनहायड्रिन फवारलं, ओव्हनमध्ये घातला. पाच मिनिटांत जांभळा ठिपका. ठिपका कसला, नाण्याएवढा डाग. बरोब्बर ग्लायसीनच्या रेषेत.

आणि कागदाच्या कडेला माझा अंगठा. तोही जांभळा, रेघा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. फोन वाजला म्हणून हातमोजा काढला होता आणि तसाच कागद उचलला. निनहायड्रिनला बोटाचा घाम पुरतो, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. चिमट्याने धरा, चिमट्याने धरा. लाज वाटली.

५ मार्च

साहेबांना कागद दाखवला. त्यांनी डाग बघितलाच नाही. अंगठा बघितला.

"मॅडम, हे तुमचंच ना? मग ग्लायसीनही तुमचंच. घामात असतं की."

मी म्हटलं, एवढं ग्लायसीन माझ्या घामात असतं तर मी पावडर विकली असती. ते हसले नाहीत. म्हणाले, "गिऱ्हाइकाने काय विचारलंय? नायट्रोजन. आला किती? चौऱ्याऐंशी. आकडा खोटा आहे का?"

नाही.

"मग करा सही. विचारलंय तेवढं सांगायचं. आपण तपासतो, पंचनामा करत नाही."

इथेच तर खरी मेख आहे. आकडा खरा आहे. मला खऱ्या आकड्यावर सही करायची नाहीये, हे त्या माणसाला कसं समजावू? रिपोर्टवर पहिल्या ओळीत तपासणाऱ्याची सही लागते, म्हणजे माझी. दुसऱ्या ओळीत त्यांची. पहिली ओळ रिकामी असली तर दुसरीला काही अर्थ नाही.

"सतरा तारखेला टेंडर आहे, हॉस्पिटलचं. तोवर हा खेळ आटपा," म्हणाले.

६ मार्च

सही केली नाही.

७ मार्च

आज दहाही बोटं कागदावर टेकवली. मुद्दाम! मुंगी हसून हसून लाल. म्हटलं, हसू नकोस, चिठ्ठ्या लाव, करंगळी डावी, करंगळी उजवी.

कारण साहेबांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, आणि तेच मला सलत होतं. घामात सेरीन जास्त असतं. सेरीन आणि ग्लायसीन या सॉल्व्हंटमध्ये जवळजवळ एकाच उंचीला थांबतात. पंधरा वर्षं चंबूला हात लावला नसला तरी साहेब हे विसरलेले नाहीत. म्हणून कागद आडवा करून दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये, फिनॉलमध्ये, पुन्हा चढवला. फिनॉलचा वास डोक्यात जातो, हाताला लागलं तर सालपट निघतं. पण तिथे दोघं वेगळे होतात. सेरीनच्या साखळीला पाण्याची ओढ, ते मागे रेंगाळतं. ग्लायसीन पुढे जातं.

बोटांचे ठिपके फिके, आणि सगळ्यात मोठं सेरीन. पावडरचा डाग गडद, आणि सगळं ग्लायसीन. सेरीन नावालाही नाही. पावडरचा कागद या वेळी मुंगीने चिमट्याने धरला, मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी त्यांच्यावर चहाचा कप ठेवला.

९ मार्च, रविवार

ताईला सुट्टी. ताई माझी मोठी बहीण, हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स. आम्ही दोघीच राहतो, भाजी कुणी चिरायची यावरून तीस वर्षं भांडतोय. आज भाजी तिने चिरली. चिरलेलीच पुन्हा चिरत बसली.

शेवटी म्हणाली, सात नंबरचे आजोबा. पडून पडून झालेली पाठीची जखम दीड महिना झाला, भरत नाही. अकरा नंबरच्या बाई, त्यांचंही तेच. "डॉक्टर म्हणतात प्रोटीन वाढवा. वाढवलं. तीन तीन वेळा पावडर पाजतो आम्ही, अगदी चमच्याने. मग भरत का नाही?" आणि मग खरं काय ते निघालं. शुक्रवारी मीटिंगमध्ये वरिष्ठ म्हणाले की नर्सेस पेशंटची कूस बदलत नाहीत. सगळ्यांसमोर! ताई दर दोन तासांनी घड्याळ लावून कूस बदलते. चौतीस वर्षांची नोकरी आहे तिची, पाठ गेली तिची दुसऱ्यांच्या पाठी सांभाळून.

नमुन्याबद्दल बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम. मी तो आजवर मोडला नव्हता. आजही अर्धाच मोडला. म्हटलं, उद्या त्या पावडरीचा एक चमचा मला आणून दे. का ते विचारू नकोस.

"तू आणि तुझे ठिपके," म्हणाली. पण आणणार.

११ मार्च

ताईचा चमचा कागदावर चढवला. तोच डाग. तीच उंची, दोन्ही सॉल्व्हंटमध्ये.

मग पूर्ण हिशेब केला. तळाला बसलेलं प्रोटीन वेगळं काढून त्याचाच नायट्रोजन मोजला. तीनदा मोजला, तीनदा तेच. चव्वेचाळीस. चौऱ्याऐंशीतले चव्वेचाळीस खरे. पावडरीच्या शंभर भागांत चौतीस भाग नुसतं ग्लायसीन, शिरगणतीत तेच चाळीस दिसतात.

सात नंबरचे आजोबा तीन चमचे पितात आणि दीड चमच्याचं प्रोटीन मिळतं त्यांना. आणि बोलणी खाते माझी बहीण.

राग असा आलाय की पेन कागदात घुसतंय.

१२ मार्च

मला पाण्याच्या विभागात टाकलं. निनहायड्रिनची बाटली साहेबांच्या कपाटात गेली, कुलूप लागलं. दिवसभर टाक्यांच्या पाण्याचा क्षार मोजला. मोजते की! पाण्याचं मला वावडं नाही. जाताना साहेबांना म्हटलं, बाटली अंधारात ठेवा हो, उजेडाने खराब होते.

आता साहेबांनी मुंगीला सांगितलंय, तू पुन्हा तपास आणि तू सही कर. पोरीचा प्रोबेशनचा काळ संपायला दीड महिना. संध्याकाळी जिन्यात गाठलं तिने मला. "मॅडम, मी आजारी पडू का?"

मी म्हटलं, चांगली आठवडाभर पड.

१३ मार्च

मुंगी आजारी. ताप एकशे दोन, असा निरोप. फोनवर आवाज ठणठणीत होता.

१४ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली. तेव्हाच ओळखलं की काहीतरी गोड येणार.

टेबलावर पुस्तिका ठेवली. यंत्र! अमिनो आम्लं एकेक सुटी करून मोजणारं. दहा वर्षं मागतेय मी ते. दर वर्षी अर्ज, दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू'. त्यांनी पानं उलटून दाखवली. "ऑर्डर टाकतो. खोली तुमची, किल्ली तुमची. दोन माणसं हाताखाली. एवढं टेंडर पार पडू दे."

खोटं कशाला लिहू, जीव तुटला. विसाच्या वीस साखळ्या ओळीने मोजून मिळाल्या असत्या, टिपकागद नको, फिनॉल नको. कितीतरी वेळ मी त्या चित्राकडेच बघत होते. साहेबांना वाटलं, जमलं.

मग मी विचारलं, "या यंत्रावर पहिला नमुना हाच लावू ना?"

पुस्तिका मिटली त्यांनी. म्हणाले, "तुम्हाला काय पडलंय एवढं? तुमची सही म्हणजे काय, एक रेघ."

मी म्हटलं, रेघ आहे तर तुम्हीच मारा.

१५ मार्च, शनिवार

रिपोर्ट लिहिला. घरून, माझ्या अक्षरात, टाइपसुद्धा न करता. नायट्रोजनवरून येणारं प्रोटीन चौऱ्याऐंशी. प्रत्यक्ष प्रोटीन चव्वेचाळीस. बाकी मोकळं ग्लायसीन, बाहेरून मिसळलेलं. जखम भरायला याचा उपयोग नाही. शेवटचं वाक्य पद्धतीत बसत नाही, तरी लिहिलं. खाली सही. एरवी मी सही भराभर करते. आज संपूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

ताईला सगळं सांगितलं. नियम मोडला, पुरता मोडला. ती म्हणाली, "म्हणजे आमचं काही चुकत नव्हतं." आणि रडली. मी तिला चौतीस वर्षांत नोकरीवरून रडताना पाहिलेलं नाही.

नोकरी गेली तर जाऊ दे.

१७ मार्च, सोमवार

आज झालं एकदाचं.

सकाळीच रिपोर्ट टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, शेवटच्या वाक्यापाशी थांबले, चष्मा काढला. मला वाटलं आता आरडाओरडा. तर अगदी शांत. दमलेले दिसत होते.

"मॅडम, एक विचारू? आजवर किती वेळा आली ही पावडर?"

म्हटलं, ही बारावी वेळ. तीन वर्षं होत आली.

"आणि आधीच्या अकरा?"

त्या चांगल्या होत्या, मी म्हटलं. ताडकन म्हटलं.

"कशावरून?"

मी म्हटलं, आकडे कधी ऐंशी, कधी एक्क्याऐंशी, बरोबर येत होते. या वेळी जास्त आले म्हणून तर पकडलं. माप चुकलं त्यांचं, नवशिके असणार.

"की या वेळी मिसळताना कुणाचा हात जड पडला?" ते म्हणाले. "हा रिपोर्ट बाहेर गेला की पहिला प्रश्न मागच्या अकरांचा येणार. त्यांच्यावर पहिली ओळ तुमची आहे. दुसरी माझी. मला दुसऱ्या ओळीत बसायची सवय आहे. तुमचं काय?"

धमकी देत होता माणूस, गोड आवाजात. मला कळत नाही की काय! मी म्हटलं, प्रत्येक वेळचा राखीव नमुना कपाटात आहे, सील लावलेला. आत्ता काढते. अकराच्या अकरा तपासते आणि तुमच्या टेबलावर आणून ठेवते. निनहायड्रिन द्या.

दिली बाटली. आणि आजच्या रिपोर्टवर दुसऱ्या ओळीत सहीही केली! पेन आपटून म्हणाले, "घ्या. आता मागे फिरू नका."

बारा वाजता रिपोर्ट टेंडरसाठी ताईच्या हॉस्पिटलात पोचला. मी जिंकले. मुंगीला फोन केला, ताप उतरव, उद्यापासून काम आहे. जुने नमुने स्वच्छ निघणार, हे मी इथे लिहून ठेवते. एकोणीस वर्षांचा हात आहे माझा.

१८ मार्च

सील फोडली. कागद चढवले. मुंगी आज नुसता चिमटा पुढे करत राहिली.

१९ मार्च

अकरा कागद, अकरा डाग.

पहिल्या बाटलीपासून. सगळे आकडे बरोबर होते आणि सगळ्यांखाली मी होते. अकराही रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, साहेबांना न दाखवता, फक्त माझ्या सहीने. सकाळी स्वतः हॉस्पिटलात नेऊन देणार.

ताईला वॉर्डात फोन केला. सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "पहिली कधीची?"

तीन वर्षांपूर्वीची, जूनमधली, मी म्हटलं.

"थांब," म्हणाली, "पेन घेते. नावं आठवतात तेवढी लिहून काढू."